चामड्याचं जड शिलाई मशीन: बसवणं, चालवणं, जपणं

टेम्पो दारात उभा राहतो, तिघं-चौघं पुढे होतात आणि ज्याच्या हाताला जे लागेल ते तो धरतो. कोणी हातचाक धरतं, कोणी सुईची दांडी. मशीनचं नुसतं डोकंच 35 ते 40 किलोचं असतं. एवढ्या वजनाखाली सुईदांडी जराशी वाकली, तरी पहिला टाका पडायच्या आधी मेकॅनिकला बोलवावं लागतं. म्हणून डोकं उचलायचं ते दोघांनी, खालच्या बेडला आणि उभ्या खांबाला धरून. टेबलाच्या खाचेत बसवताना आधी मागच्या बिजागऱ्या अडकवायच्या, मग पुढची बाजू सावकाश खाली टेकवायची.

मी हे काम धारावीत शिकलो, एका छोट्या कारखान्याच्या माळ्यावर. उस्तादांनी पहिला आठवडाभर मला पेडलवर पाय ठेवू दिला नाही. चामड्याची कातरण समोर टाकायचे आणि सांगायचे, हाताने फिरव. रोज शे-दोनशे टाके मी हातचाकाने घातले. तेव्हा कंटाळा यायचा, पण सुई कुठे असताना हूक, म्हणजे खालचा फिरता आकडा, दोरा पकडतो, फूट, म्हणजे चामडं दाबून धरणारा पाय, कधी उचलतो, चामडं कधी सरकतं, हे त्या आठवड्यात हाताला कळलं. पुढे आलेल्या बहुतेक अडचणी मी त्या हातचाकावरच सोडवल्या. नवीन माणसाला मी आजही सांगतो, की मशीन नीट चालत नसेल तर पेडल सोडा आणि चाक हातात घ्या.

मशीन कुठलं

बॅगा, पट्टे, पाकिटं यांसाठी नवशिक्याला सगळ्यात उपयोगी पडतं ते सपाट बेडचं कंपाउंड फीड मशीन. जुकीचं डीएनयू-1541 हे त्यातलं नावाजलेलं मॉडेल, आणि त्याच धाटणीची इतर कंपन्यांची मशीनंही बाजारात भरपूर आहेत. यात खालचे दाते, सुई आणि आतला फूट अशी तिन्ही एकदम पुढे सरकतात. साध्या मशीनमध्ये फक्त खालचे दाते चामडं ओढतात. वरचा थर फुटाला चिकटून मागे राहतो आणि शिलाईच्या शेवटी दोन कडा जुळत नाहीत. कापडात हे हाताने सांभाळून घेता येतं. चामड्यात एकदा भोक पडलं की ते बुजत नाही, त्यामुळे सरकण्याची ही भानगड मुळातच टाळावी लागते.

अशा मशीनवर दाबलेल्या अवस्थेत 8 ते 10 मिलिमीटर जाडीपर्यंतचं काम बसतं. घोड्याचं खोगीर किंवा जाड हार्नेस शिवायचं असेल तर 441 वर्गाचं सिलिंडर आर्म, म्हणजे सपाट बेडऐवजी नळीसारखा गोल हात असलेलं, मशीन लागतं, तो वेगळा प्राणी आहे. जुने चांभारी दुरुस्तीचे सिंगर 29 वर्गाचे पॅचर अजून पुष्कळ ठिकाणी चालतात. बुटाच्या आत शिरून ठिगळ लावायला त्यांना तोड नाही, पण पट्ट्याची लांब सरळ शिलाई त्यांच्याकडून मागू नका. घरगुती मशीनवर ‘हेवी ड्यूटी’ असं लिहिलेलं असलं तरी ते जीन्सच्या जाडीपुरतं समजावं. आणि अस्सल कोल्हापुरी चप्पल करायची असेल तर यातलं काहीच नको. तिची शिलाई चामड्याच्या वादीने, हातानेच होते.

जुनं मशीन घेत असाल तर तुमचं सगळ्यात जाड चामडं, तुमचा दोरा आणि तुमची सुई बरोबर न्या. विकणारा नेहमी मऊ कापडावर चालवून दाखवतो.

मोटर आणि वेग

जुन्या स्टँडला बहुतेक वेळा क्लच मोटर असते. बटण दाबलं की ती सतत फिरत राहते आणि पेडल दाबल्यावर मशीनला जोडली जाते. तिचा वेग मिनिटाला साधारण 1440 फेरे धरा. मोटरवर 60 मिलिमीटरची पुली आणि मशीनच्या चाकाला 120 मिलिमीटरची असेल, तर मिनिटाला 720 टाके पडतात. म्हणजे सेकंदाला 12. टाका 4 मिलिमीटरचा असला तर सेकंदाला जवळजवळ 5 सेंटिमीटर शिलाई होते. पाकिटाची एक बाजू दोन सेकंदांत संपते, आणि कोपऱ्यावर थांबायला नवशिक्याला वेळच मिळत नाही.

म्हणून सर्व्हो मोटर लावा, ती पेडल दाबलं तेवढीच फिरते. साधी 550 वॅटची सिंगल फेज मोटर पुरते. तिच्यावर वेगाची मर्यादा ठरवता येते. सुरुवातीला मिनिटाला 200 टाक्यांच्या वर जाऊ नका. सर्व्होची एक कमजोरी आहे. अगदी सावकाश चालवताना तिचा जोर कमी पडतो आणि जाड चामड्यात सुई अडकते. अशा वेळी मोटरवर छोटी पुली बसवा, किंवा मध्ये 3:1 चा रिड्यूसर टाका. त्याने वेग तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि जोर तिपटीच्या आसपास वाढतो.

बेल्ट लावल्यावर मधोमध बोटाने दाबून पाहा. दीडेक सेंटिमीटर आत गेला तर ठीक. फार ताणलेला बेल्ट बेअरिंग खातो, सैल असला तर घसरतो. मग चाक कुठल्या दिशेला फिरतं ते बघा: वरचा भाग तुमच्याकडे यायला हवा. उलट फिरत असेल तर सर्व्होवर दिशा बदलण्याची सोय असते.

अर्थिंग पक्की हवी, ती कामचलाऊ चालणार नाही. आणखी एक, क्लच मोटर गुणगुणत असते, त्यामुळे ती चालू आहे हे कानाला कळतं. सर्व्हो गप्प असते. सुई ओवताना, फूट बदलताना, हुकात बोट घालताना स्विच बंद करायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. क्लच मोटर तर बंद केल्यावरही काही सेकंद फिरत राहते, तोवर पाय पेडलपासून लांब.

तेल

नवीन मशीन आलं की ते कोरडं आहे असंच समजायचं. तेल शिलाई मशीनचं, पांढरं, पातळ. खोबरेल तेल अजिबात नको. ते थंडीत थिजतं आणि काही महिन्यांत आत चिकट थर होतो. गाडीचं इंजिन ऑइलही नको. तेलाची भोकं बहुतेक मशीनवर लाल खुणेने दाखवलेली असतात. प्रत्येकात दोन-दोन थेंब, आणि हुकाच्या गोल खाचेत एक थेंब. मग सुईतला दोरा काढून, बॉबिन काढून, फूट वर करून पाच-दहा मिनिटं सावकाश मोकळं चालवा. फूट खाली असताना मोकळं चालवलं तर तो दात्यांवर घासतो.

तेल दिल्यावर थेट मालावर बसू नका. आधी कातरणीवर दोन-तीन हात शिवून जास्तीचं तेल पुसलं जाऊ द्या. फिक्या रंगाच्या, व्हेजिटेबल टॅन केलेल्या चामड्यावर पडलेला तेलाचा डाग निघत नाही.

सुई आणि दोरा

नवीन माणसाच्या दहातल्या आठ तक्रारी इथेच मिटतात, म्हणून इथे जरा थांबू.

दोरा घ्यायचा तो बाँडेड नायलॉन किंवा बाँडेड पॉलिएस्टर. बाँडेड म्हणजे पदर एकमेकांना चिकटवलेला दोरा. सुईच्या घर्षणाने तो फुटत नाही. नायलॉन जरा लवचिक, गाठ छान बसते, पण सततच्या उन्हात तो कमजोर होतो. बाहेर वापरायच्या बॅगेला, गाडीच्या सीटला पॉलिएस्टर बरा. सुती दोरा दिसायला सुंदर, पण या मशीनवर त्याचा नाद सोडा.

दोऱ्याचा नंबर जितका लहान तितका दोरा जाड. पाकिटाला, म्हणजे 1 ते 1.2 मिलिमीटरच्या चामड्याच्या दोन थरांना, 40 नंबर दोरा आणि 110 ची सुई. बॅगेच्या अंगाला 30 नंबर आणि 120 किंवा 125 ची सुई. पट्टा, बॅगेचे बंद, जिथे दोन थर मिळून 4 मिलिमीटरच्या वर जातात, तिथे 20 नंबर आणि 140 ची सुई. जुन्या पद्धतीत याच सुया 18, 19-20 आणि 22 नंबरच्या म्हणून मिळतात. पाकिटावर 20 नंबरचा दोरा उठून दिसतो म्हणून अनेक जण तो लावायला जातात. पण दोन मिलिमीटरच्या जाडीत एवढी मोठी गाठ लपायला जागाच नसते. ती वर नाहीतर खाली डोकावतेच, कितीही टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, फिरवा.

योग्य सुईची खूण सोपी आहे. हातभर दोरा सुईत ओवून दोरा तिरका धरा आणि सुई वर न्या. ती आपल्या वजनाने घसरत खाली यायला हवी. अडकली तर सुई बारीक आहे.

दोऱ्याला पीळ कुठल्या दिशेचा आहे तेही बघा. डाव्या हाताच्या चिमटीत दोरा धरा आणि उजव्या चिमटीत तो स्वतःकडे वळवा. पीळ घट्ट झाला तर दोरा बरोबर आहे. पीळ सुटून पदर मोकळे झाले तर तो सुईसाठी चालणार नाही, खाली बॉबिनवर भरून संपवा.

सुईचं टोकही निवडावं लागतं. चामड्याच्या सुईचं टोक सुरीसारखं धारदार असतं, ती चामडं कापत जाते. ‘एस’ टोक शिलाईच्या दिशेने चिरतं, त्यामुळे टाके सरळ रेषेत आणि जरा बुडालेले दिसतात. मात्र टाका फार बारीक ठेवला तर चिरा एकमेकींना भिडतात आणि वहीच्या फाडायच्या पानासारखं चामडं त्या रेषेवर फाटतं. ‘एलआर’ टोक तिरकं चिरतं, टाका किंचित तिरका पडतो. रोजच्या कामाला मी हेच वापरतो. अस्तर, चेन, निवार, रेक्झिन यांना मात्र गोल टोकाची सुई लावा. धारदार टोक कापडाचे धागेच कापून टाकतं. तुमच्या मशीनची सुई कुठल्या पद्धतीची आहे ते पुस्तिकेत पाहून घ्या. 1541 च्या घराण्यात गोल टोकाची 135x17 आणि चामड्याची 135x16 चालते.

बसवताना सुई वरपर्यंत टेकली पाहिजे. सुईला एका बाजूला लांब खोबण असते आणि दुसऱ्या बाजूला डोळ्याच्या वर छोटा खड्डा. खड्डा हुकाच्या बाजूला, आणि ज्या बाजूने दोरा ओवायचा तिकडे लांब खोबण. हे उलटं झालं तर एकही टाका पडणार नाही, आणि तुम्ही तासभर टेन्शनच फिरवत बसाल.

टेन्शन: टाका कापून बघा

वर काळा दोरा, खाली पांढरा. ज्या जाडीचं काम करायचं त्याच जाडीची कातरण घ्या आणि हातभर शिवा. वरून बघा, खालून बघा, आणि मग रापीने, म्हणजे चामडं कापायच्या सुरीने, शिलाईच्या मधोमध, टाक्यांच्या रेषेत ती कातरण उभी कापा. कापलेल्या कडेत तुम्हाला काळा दोरा वरून खाली उतरताना आणि पांढरा खालून वर येताना दिसेल. दोघांची गाठ जाडीच्या बरोबर मध्ये हवी. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की टेन्शन म्हणजे काय ते कोणी वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

आधी खालचं टेन्शन ठरवा, मग त्याला हात लावू नका. बॉबिन 80-90 टक्केच भरा, ओतप्रोत नको. दोरा बोटाने ओढला की हलक्या, एकसारख्या अडथळ्याने यावा. झटके देत येत असेल तर बॉबिन केसवरच्या, दोरा दाबणाऱ्या पट्टीखाली कचरा आहे. त्या पट्टीचा स्क्रू एका वेळी फिरवायचा तो घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटांत सरकतो तेवढाच, जास्त नाही. खालचं जमलं की पुढचा सगळा खेळ वरच्या नॉबवर. पांढरा ठिपका वर दिसतो, तर वरचं टेन्शन सैल करा. काळा खाली लोंबतो, तर घट्ट करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा शिवून पाहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

टेन्शनच्या चकत्यांजवळ एक बारीक तारेची स्प्रिंग असते, तिच्याकडे कोणी बघत नाही. सुईचं टोक चामड्याला टेकेपर्यंत तिने दोरा ताणून धरायचा असतो, त्यानंतर सोडायचा. ती आधीच सैल पडली तर सुई स्वतःचाच दोरा टोचते आणि दोरा पिंजतो.

फुटाचा दाब चामडं सुईबरोबर वर उचललं जाणार नाही इतकाच ठेवा. जास्त दाबाने दात्यांच्या खुणा उमटतात. दिसणाऱ्या बाजूसाठी गुळगुळीत तळाचा फूट घ्या.

पहिली खरी शिलाई

चामडं सोल्युशनने चिकटवलं असेल तर ते पूर्ण सुकू द्या. ओलं सोल्युशन सुईला चिकटतं आणि पाचव्या-सहाव्या टाक्याला टाका सुटायला लागतो. जिथे तीन-चार थर एकावर एक येतात तिथे कडा रापीने तासून पातळ करा.

सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरा, आणि पहिले तीन टाके हातचाकाने घाला. टोकं सोडली तर खाली दोऱ्याचं घरटं होतं. टाक्याची लांबी पाकिटाला 3 मिलिमीटर, बॅगेला 4, पट्ट्याला 4 ते 5.

कोपऱ्यावर मात्र मोठी चूक होते. सुई पूर्ण खाली असताना फूट उचलून चामडं वळवलं की त्या कोपऱ्यावरच टाका सुटतो, कारण हुकाने अजून दोरा पकडलेला नसतो. चाक हाताने फिरवा. सुई तळाला जाऊन 2-3 मिलिमीटर वर येऊ द्या, हूक फास घेऊन पुढे जाऊ द्या, आणि मग वळवा. टोक अजून चामड्यातच असतं, त्यामुळे जागा हलत नाही.

शेवट करताना दोन-तीन टाके मागे, पण त्याच भोकांतून, चाकाने. नवीन भोकं पाडलीत तर तेवढी जागा कुरतडल्यासारखी होते. दिसणारी बाजू नाजूक असेल तर वरचा दोरा खाली ओढून घ्या, गाठ मारा, टोक लायटरने हलकेच वितळवा.

बिघडलं तर

टाके सुटतात: आधी सुई बदला. मग फुटाचा दाब थोडा वाढवा. चामडं सुईबरोबर उचललं गेलं की फास तयारच होत नाही. तरी सुटले तर हूक आणि सुईचं टायमिंग बघा. सुईखालची प्लेट काढा, चाक हळू फिरवा. सुई सगळ्यात खालून 2 ते 2.5 मिलिमीटर वर आली की हुकाचं टोक सुईच्या मागे, डोळ्याच्या किंचित वर यायला हवं, आणि दोघांत कागदाइतकीच फट हवी. इतकं बघणं तुमचं काम आहे. हूक सैल करून सरकवणं पहिल्यांदा मेकॅनिकसमोरच करा.

खाली दोऱ्याचा गुंता: बहुतेक जण खालचं टेन्शन फिरवायला लागतात, पण चूक वर असते. दोरा चकत्यांच्या मध्ये बसलेलाच नसतो. फूट वर असताना चकत्या उघडतात, म्हणून ओवायचं फूट वर ठेवून आणि शिवायचं फूट खाली करून.

दोरा पिंजतो किंवा तुटतो: सुई बारीक आहे, किंवा हुकाच्या टोकाला, प्लेटच्या भोकाला ओरखडा आहे. सुई मोडली की ओरखडे हमखास पडतात. 2000 नंबरच्या पाणकागदाने हलक्या हाताने गुळगुळीत करा.

एकदम ‘खट्ट’ आवाज आला, चाक फिरतंय पण खालचा हूक थांबलाय: घाबरू नका. दोरा अडकल्यावर हूक मोडू नये म्हणून अनेक मशीनमध्ये सेफ्टी क्लच असतो, तो सुटला आहे. अडकलेला दोरा काढा. पुस्तिकेत दाखवलेलं बटण दाबून धरा आणि त्यात सांगितलेल्या दिशेने चाक जोर लावून फिरवा, पुन्हा ‘खट्ट’ होऊन तो बसतो. माझ्या बाबतीत हे पहिल्यांदा झालं तेव्हा एका दुरुस्तीवाल्याने हूक बदलावा लागेल असं सांगून पैसे घेतले. हूक ठणठणीत होता.

रोज, आठवड्याला, पावसाळ्यात

रोज सुरू करण्याआधी हुकाला एक थेंब तेल, आणि बॉबिनच्या जागेवरून ब्रश. सुई आठ तासांच्या शिलाईनंतर बदला. शंका आली तर टोक नखावरून ओढून बघा, ओरखडा उठला की फेका. आठवड्याला प्लेट काढा. चामड्याचा भुसा आणि तेल मिळून दात्यांमध्ये काळं लोणी जमतं, ते काडीने कोरून काढा. हवेचा फवारा मारू नका, त्याने तोच कचरा आत जातो. महिन्याला चाकाचे, फुटाचे, सुईदांडीचे स्क्रू हाताने तपासा आणि बेल्टची चीर बघा.

मुंबई-कोकणाकडे जूनपासून गंज हा मोठा शत्रू. दिवस संपला की मशीनचे उघडे भाग तेलाच्या फडक्याने पुसा. झाकायला सुती कापड घ्या, प्लास्टिकच्या आत दमट हवा कोंडते. सुयांच्या डबीत सिलिका जेलची पुडी टाका. वीज वरखाली होत असेल तर सर्व्होच्या कंट्रोल बॉक्सला स्टॅबिलायझर द्या, आणि विजा कडाडायला लागल्या की प्लग काढा. पावसात चामडंही ओलावा धरतं, फुगतं, मग उन्हाळ्यात जमलेलं टेन्शन जुलैत बिघडल्यासारखं वाटतं.

माझ्या मशीनच्या खांबाला एक तार बांधली आहे. तिच्यात शिवलेल्या कातरणी ओवलेल्या असतात, प्रत्येकीवर पेनाने सुई, दोरा, टाक्याची लांबी आणि नॉबचे फेरे लिहिलेले. पट्ट्याचं काम आलं की मी ती कातरण शोधतो, तेवढे आकडे लावतो, आणि पहिले तीन टाके हातचाकाने घालतो.